आत्याच्या गळ्याचं भाडं

पप्पांनी साउंडवाल्याच्या कानफटात मारली तेव्हा स्पीकरवर आरती चालू होती. एका नाही, तिन्ही स्पीकरवर. हॉलमध्ये, आतल्या खोलीत, स्वयंपाकघरात. टाळ, घंटा, कोरस, सगळं एकदम. दादानं त्यासाठीच तर ते सॉफ्टवेअर भाड्यानं घेतलं होतं. घरभर एकच गाणं वाजायला हवं, एका खोलीत पुढं आणि दुसरीत मागं असं नको. तसंच झालं. बौद्धाच्या घरात, आत्याच्या पहिल्या स्मृतिदिनाला, भंतेजींच्या पुढ्यात, पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकांच्या डोक्यावर गणपतीची आरती घरभर एकदम कोसळली.

आमच्या बिल्डिंगमधली पोरं मला विचारतात, ताई, ते घरी गाणी लावायचं सबस्क्रिप्शन घ्यावं का? तुमच्याकडे आहे ना? मी पत्रकं लिहिते. पुनर्विकासाची, पाण्याची, ट्रान्झिट कॅम्पात सडत ठेवलेल्या माणसांची. हो किंवा नाही सांगायला मला दोन ओळी पुरतात. या प्रश्नाला पुरल्या नाहीत. म्हणून हे सगळं लिहितेय, आणि आधीच सांगते, यात रक्त आहे.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा पप्पांना तिनंच वाढवलं. वाढवलं म्हणजे मारलं आणि खायला घातलं, या क्रमानं. ती गायन पार्टीत गायची आणि पप्पा तिच्या मागं ढोलकीला. तिचा आवाज गोड नव्हता. गोड आवाज भीक मागायला बरा, असं ती म्हणायची. तिचा आवाज म्हणजे पत्र्यावर ओढलेला खिळा होता, पण सुरात ओढलेला. पेटीवाला चुकला की गाणं न थांबवता त्याच्या पाठीत झांज घालायची. लोक टाळ्या वाजवायचे, त्यांना वाटायचं हा गाण्याचाच भाग आहे.

तिचं एकच रेकॉर्डिंग होतं, आणि ते का होतं तेही सांगायला पाहिजे. कोरी कॅसेट विकत आणणं तेव्हा आमच्याकडे चैन होती. लालबागच्या एका मंडळानं गणपतीत दारोदार आरतीच्या कॅसेटी वाटल्या. जात-धर्म न बघता वाटल्या, म्हणजे आमच्या दारातही एक आली. आत्यानं ती परत केली नाही, फेकलीही नाही. कॅसेटच्या पाठीला दोन भोकं असतात. त्यात कागदाचे बोळे कोंबून वर चिकटपट्टी मारली की भरलेली कॅसेट पुसून तिच्यावर नवं भरता येतं. आमच्या चाळीत हे शेंबड्या पोरालाही यायचं. कव्हर मात्र आत्यानं तसंच ठेवलं. सोंडेचं चित्र, सोनेरी अक्षरं, सगळं.

"असू दे," ती म्हणायची. "आपल्या चाळीत आरतीची कॅसेट कोण मागून नेतंय?"

खरंच कोणी नेली नाही. बाकीच्या पार्ट्यांच्या कॅसेटी माणसांनी नेल्या, घासल्या, हरवल्या. आत्याची राहिली.

त्या कॅसेटीत काय आहे? परळच्या एका मैदानातला जयंतीचा कार्यक्रम आहे. दुसऱ्या बाजूला, गाणं रंगात आलेलं असताना, भिंतीपलीकडून दगड सुरू होतात. आधी पत्र्यावर. मग खुर्च्यांवर. माईक किंचाळतो, बायका पोरांना हाका मारतात, कोणीतरी आईबहिणीवरून शिव्या देतं. आत्या गातच असते. तिची स्वतःची ओळ होती: पाणी मागत नाही, तळं मागते मी. त्यातल्या 'तळं'वर एक दगड तिच्या कपाळाला लागतो. तो आवाज मी लहानपणापासून ऐकलाय. ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा. मग काही वेळ नुसती ढोलकी. पप्पा थांबले नव्हते. मग आत्या तीच ओळ पुन्हा घेते, आणि या वेळी तिच्या तोंडात रक्त उतरलेलं असतं, ते 'त' वर कळतं.

कपाळावरची ती खोक तिनं आयुष्यभर पदरानं झाकली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "कुंकू पुसलं तेव्हा हे लावून घेतलं."

आत्या गेली. आम्ही तोवर चाळीतून टॉवरात आलो होतो. चाळीत ज्यांच्या समोर राहत होतो तेच मालवणी कुटुंब घरांच्या लॉटरीत पुन्हा आमच्यासमोर आलं. मावशी आणि त्यांचा मुलगा. मुलगा दादाच्या वयाचा. लग्नं, मंडप, जयंत्या, गणपती, सगळीकडे लाउडस्पीकर लावतो. आधी त्याचे वडील लावायचे. सगळी बिल्डिंग त्याला साउंडवाला म्हणते, मीही तेच म्हणेन.

दादा लोअर परळच्या एका काचेच्या ऑफिसात कामाला आहे. जिथं आजोबांच्या आणि मग पप्पांच्या गिरणीचं साचे खातं होतं, मागांचा कान फोडणारा खडखडाट होता तिथंच, आता कॉफीचं मशीन आहे. तिथं त्याला कोणीतरी हे खूळ दिलं. एक छोटा डबा, पुस्तकाएवढा, चोवीस तास चालू. त्यात आपली सगळी गाणी भरायची. त्यावर ते सॉफ्टवेअर चालतं, गाणी ओळखतं, लावून ठेवतं, आणि फोनवरून सांगाल त्या खोलीतल्या स्पीकरवर पाठवतं. डबा एकदाच घ्यायचा. सॉफ्टवेअरचं भाडं मात्र दर महिन्याला.

मी त्याला धरलंच.

"कॅसेट आपली, गळा आपला, डबा आपला, वीज आपली. मग भाडं कशाचं?"

"लावून ठेवण्याचं."

"काय लावून ठेवतं ते?"

"सगळं गं. कोणी गायलं, कोणी लिहिलं, कव्हर, कुठल्या साली. तू एकदा बघ तर."

"आणि भाडं थकलं तर?"

"तर बंद."

"गाणी?"

"गाणी राहतात. डब्यात असतात. सॉफ्टवेअरमधून लागत नाहीत, एवढंच."

"म्हणजे सामान आत, कुलूप मालकाचं. आपला चाळमालक असंच करायचा."

"तू पत्रक छाप," दादा म्हणाला. "मी गाणी ऐकतो."

आता खरं सांगते. पहिले काही आठवडे ते सॉफ्टवेअर भारी होतं. फुकटातली दोन-तीन दादानं आधी वापरून पाहिली होती, त्यात अर्धी गाणी 'अज्ञात गायक' म्हणून पडून राहायची आणि स्वयंपाकघरातलं गाणं हॉलच्या मागं रखडायचं. यात तसलं काही नाही. आई कणीक मळता मळता हाक मारायची, मागचं लाव रे, आणि ते यायचं. आईला एखादं जुनं गाणं आवडलं की त्याच संगीतकाराची, त्याच साथीदारांची दुसरी गाणी ते पुढं आणून ठेवायचं. आणि पप्पा अडकले ते साथीदारांच्या नावांवर. एका गाण्याखाली त्यांना ढोलकीवाल्याचं नाव दिसलं. गायकाच्या नावाच्या खाली, पण होतं. पप्पांनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

"ढोलकीवाल्याचं नाव?" ते म्हणाले. "छापतात?"

"छापतात," दादा म्हणाला.

"मग आपली घाल त्यात. ताईची. खाली माझं नाव टाक."

तिथून हे सुरू झालं. पप्पांना बाकी कुठलं गाणं नको होतं. त्यांना आत्याच्या स्मृतिदिनाला, सगळ्यांसमोर, आत्याचा आवाज घरभर हवा होता आणि पडद्यावर तिचं नाव, खाली ढोलकी म्हणून आपलं. आयुष्यात कोणी लिहिलं नाही ते नाव.

साउंडवाल्यानं आपला टेप डेक आणला, आणि दादानं दोन्ही बाजू डब्यात उतरवून घेतल्या. दोन फाइली. फोल्डरला पटकन नाव द्यायचं म्हणून दादानं कव्हरवर होतं तेच टाईप केलं. आरतीचं. बदलू मागाहून. कव्हरचा फोटोही तोच चढवला. मग अजून एकदा, जरा स्वच्छ उतरवून घेऊ म्हणून कॅसेट परत लावली, आणि डेकनं ती खाल्ली. खाल्ली म्हणजे खाल्लीच. आतडं ओढावं तशी फीत बाहेर आली, चुरगळून, दोन जागी तुटून. पप्पांनी भिंतीवर मूठ मारली. भिंत नव्या बिल्डिंगची, पोकळ, भोक पडलं. ते अजून आहे.

म्हणजे आता आत्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. त्या डब्यात.

"घाबरू नका," दादा म्हणाला. "दर आठवड्याला बॅकअप होतो. हे बघा, लिहून येतं. बॅकअप पूर्ण."

स्मृतिदिन उजाडला. वंदना झाली, पंचशील झालं, भंतेजी दोन शब्द बोलले. आईनं खीर केली होती. समोरच्या मावशी त्यांच्या घरात नातेवाइकांचा चहा टाकत होत्या, कारण आमचा गॅस अडकला होता. साउंडवाला दाराशी उभा होता, स्पीकरकडे लक्ष ठेवून. मी मधे फोन धरून बसले होते, पडदा सगळ्यांना दिसेल असा. पडद्यावर आत्याचं नाव. खाली: ढोलकी, आणि पप्पांचं नाव. पप्पांनी नवा सदरा घातला होता. दादानं माझ्याकडे बघून मान हलवली. मी बोट ठेवलं.

आरती.

आधी कोणाला कळलंच नाही. एका म्हाताऱ्या आजींनी सवयीनं हात जोडले आणि विस्तव लागल्यासारखे सोडले. मी बोट ठेवतेय, थांब थांब म्हणतेय, फोन अडकलाय. पडद्यावर आत्याचंच नाव, ढोलकी पप्पांचीच, आणि आवाज टाळांचा. साउंडवाला धावत पुढं आला, माझ्या हातातून फोन घ्यायला. तो पप्पांच्या आवाक्यात आला.

"तुझ्या मंडळाची आरती," पप्पा म्हणाले, "माझ्या बहिणीच्या तोंडात कोंबतोस?"

"काका, ऐका, मी काही..."

तेव्हा पहिली बसली. ढोलकी बडवलेला हात आहे तो. साउंडवाला भिंतीवर आपटला, ओठ दातावर फाटला, रक्त पांढऱ्या चादरीवर आलं. दुसरी बसली. दादा मधे पडला, त्याच्या कोपरावर तिसरी. माझे दोन मामेभाऊ, ज्यांना काय झालंय तेही धड माहीत नव्हतं, ते लाथा घेऊन धावले. आमच्यात मारामारीला कारण लागत नाही, सुरुवात लागते. मी एकाचे केस धरून मागं ओढलं, मुळांसकट आले असतील. तो मला रांड म्हणाला. मी त्याच्या नाकावर कोपर दिलं. भंतेजी उभे राहिले, "बसा, बसा" म्हणाले. एकही माणूस बसला नाही. खिरीचं पातेलं लवंडलं आणि त्यात माणसं घसरत होती, मारत होती. आणि वर आरती चालूच, मस्त, स्वच्छ, तिन्ही खोल्यांत.

पप्पांनी डबा वायरीसकट उपटला आणि फरशीवर आपटला. मग पायानं.

तेव्हा कुठं ती थांबली.

शांततेत समोरून मावशी आल्या. हातात चहाची गाळणी. मुलाचं तोंड बघितलं, आणि पप्पांच्या अगदी छातीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची उंची पप्पांच्या खिशाएवढी.

"कित्याक मारतास रे माझ्या झिलाक? कित्याक?"

पप्पांनी उगारलेला हात खाली घेतला.

"त्या दिसा माईक कोणाचो होतो? लोक पळाले, तेवा माईक धरून कोण उभो रवलो? तुझ्या भयणीचो आवाज बंद पडाक नको म्हणून हात कोणी मोडून घेतलो? ह्येच्या बापाशीन! मरासर सरळ झालो नाय तो हात. नि तू त्येच्या पोराक मारतस?"

हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पप्पांना तर सगळ्यांत जास्त. कॅसेटीत माईक किंचाळतो, पण बंद पडत नाही, तो का पडत नाही हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मावशींनी गाळणी पप्पांच्या पायाशी फेकली, मुलाला दंडाला धरून ओढत नेलं, आणि दार असं आपटलं की आमच्या भिंतीवरच्या तसबिरी हलल्या.

पाहुणे पांगले. भंतेजींना मामेभावानं टॅक्सीत बसवलं, नाकाला रुमाल लावून. दादा खाली बसला आणि त्यानं लॅपटॉप उघडला.

"बॅकअप आहे," तो पुटपुटत होता. "बॅकअप आहे ना."

बॅकअप होता. सगळं होतं त्यात. आत्याचं नाव, पप्पांचं नाव, कव्हरचा फोटो, आईनं आवडली म्हणून बदाम दिलेली गाणी, कोणतं गाणं कितीदा ऐकलं ते. दादानं आत्याच्या नावावर दाबलं. फाइल सापडत नाही. पुन्हा दाबलं. फाइल सापडत नाही. मग त्यानं मदतीचं पान उघडलं आणि वाचता वाचता त्याचा चेहरा राखेसारखा झाला. बॅकअप हा फक्त यादीचा असतो. गाण्यांचा नसतो. गाणी तुमची तुम्ही सांभाळा. हे तिथं लिहिलेलं होतं, कोणीही वाचत नाही अशा जागी.

"महिन्याच्या महिन्याला भाडं घेतलं," मी म्हणाले, "आणि सांभाळलं काय? पाट्या! माणूस मेलं तर घराची पाटी सांभाळली म्हणून सांगतील!"

"ओरडू नको."

"मी ओरडणार! ते आरती कुठून आणतं?"

तेही सापडलं. गेल्या आठवड्यात दादानं त्याच सॉफ्टवेअरला इंटरनेटवरच्या गाण्यांचं दुकान जोडून दिलं होतं. पडद्यावरची नावं दादानं बदलली होती, फोल्डरचं राहून गेलं होतं. सॉफ्टवेअरनं तेच बघितलं, आरतीचं. दोन बाजूंची लांबी बघितली. कॅसेट तीच, फीत शेवटपर्यंत भरलेली, त्यामुळे लांबीही तीच. त्याला वाटलं, ओळखली. तुमच्याकडची प्रत खराब आहे, मोनो आहे, खरखर आहे. आमच्याकडे चांगली आहे. 'चांगली प्रत असेल तर ती वाजवा' यावर दादानंच कधीतरी हो म्हटलं होतं. नाव आत्याचं ठेवून खालचा गळा त्यानं बदलून टाकला. कोणालाही न विचारता. आत्यानं जे पुसून त्यावर आपलं भरलं होतं, ते यानं खालून वर काढलं.

मी दादाच्या खांद्यावर बुक्की मारली. त्यानं परत मारली. आम्ही, कमावती माणसं, खिरीत लोळत एकमेकांचे हात पिरगाळत होतो आणि आईनं शेवटी दोघांच्या पाठीत पळी घातली.

"गळा शोधताय की गळे धरताय?" ती म्हणाली. "डब्यात आहे ना तो? मग डबा फोडा!"

दादा भानावर आला. डबा मेला तरी आतली डिस्क वाचलेली असू शकते, ती काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. पण स्क्रू चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, तसला पेचकस साउंडवाल्याकडेच. दादा गेला. मी मागं. दार फटीएवढं उघडलं. ओठ सुजून जांभळा.

"पेचकस दे," दादा म्हणाला. "आतली डिस्क काढायचीय. आत्याची..."

"नाही."

"अरे, एकदा."

"मारताना एकदा विचारलंत? नाही म्हणजे नाही. जा." आणि माझ्याकडे बघून, "तू पत्रक लिही. 'शेजाऱ्यानं सहकार्य केलं नाही.'"

दार बंद. त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असते तर पेचकस दिला असता, पण डोळ्यात.

मग आम्ही सुरी घेतली. पाती मोडली, दादाचा अंगठा कापला, झाकण उचकटून काढलं. डिस्क च्युइंगमच्या पाकिटाएवढी. मी ती आईच्या चष्म्याच्या डबीत ठेवली, टॅक्सी पकडली आणि लॅमिंग्टन रोडवरचं एक कम्प्युटरचं दुकान गाठलं. रस्ताभर डबी मुठीत. सिग्नलला कोणी खिडकीत हात घातला असता तर मी चावले असते.

दुकानदारानं डिस्क एका पट्टीत बसवली, वायर जोडली. पडद्यावर एक फोल्डर उमटलं. सोंडेचं चित्र. आत दोन फाइली. मी दुसऱ्या बाजूच्या मधोमध बोट ठेवलं, आणि त्याच्या डबड्या स्पीकरमधून दगड बाहेर पडले. दुकानातली गिऱ्हाइकं दचकून दाराकडे बघायला लागली.

"मॅडम, ये क्या है? दंगा?"

"हां," मी म्हणाले. "मेरी आत्या है."

तिथंच मी त्या फाइली माझ्या फोनमध्ये घेतल्या, आणखी दोन पेनड्राइव्हमध्ये घेतल्या, दुकानदारालाही म्हणाले, तूही ठेव. तो म्हणाला, मैं क्या करूँगा? मी म्हणाले, कुछ मत कर, रख.

तर पोरांनो, घ्यावं का? तुमची गाणी दुकानात मिळणारी असतील, घरात तीन खोल्या असतील, कोणी काय वाजवलं हे बघायची हौस असेल, तर घ्या. ते काम ते फुकटवाल्यांपेक्षा चांगलं करतं, मी खोटं बोलणार नाही. आईसाठी दादानं नव्या डब्यावर ते अजून चालू ठेवलंय आणि त्यावरून आमची दर महिन्याला भांडणं होतात. पण जे दुकानात नाही, जे तुमच्या माणसानं मार खाऊन गायलंय, ते त्याच्या हातात देऊ नका. त्याला मूळ आणि नक्कल यांतला फरक कळतो तो फक्त स्वच्छतेवरून. आणि त्याच्या हिशोबात आपण कायम खराब प्रत.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. पप्पा फरशी पुसत होते. रक्त आणि खीर एकाच फडक्यानं. मी म्हणाले, आहे. मिळाली. त्यांनी फडकं पिळलं, बादलीत टाकलं.

"लावू?"

"आधी समोर."

ते स्वतः गेले. मी दारातून बघत होते. बंद दाराला त्यांनी हात लावला नाही, नुसते उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले. "चुकलं."

आतून मावशींचा आवाज आला. "माका सांगा नको. दार उघडूचा नाय."

"नका उघडू," पप्पा म्हणाले. परत आले, आमचं दार सताड उघडं ठेवलं, आणि मला म्हणाले, "लाव. मोठ्यानं."

दादाचे जुने वायरवाले स्पीकर माळ्यावरून काढले, फोनला जोडले. सॉफ्टवेअर नाही, नाव नाही, चित्र नाही. एक गोष्ट तेव्हा कळली. डब्यात भरल्यावर आम्ही ते एकदा फोनवर ऐकलं होतं, तेव्हा सगळं एका पातळीत आलं होतं, कुजबूज आणि दगड सारख्याच मापाचे, कारण सॉफ्टवेअर आवाज सारखे करून देतं, कान दुखू नयेत म्हणून. आता ते दगड दगडाएवढे आले. पॅसेजमध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात, वरच्या मजल्यावर. वरून कोणीतरी ओरडलं. खालून कोणीतरी ओरडलं. मी आवाज अजून वाढवला. आत्या 'तळं'वर आली, फटका बसला, आणि आईनं इतक्या वर्षांनंतरही डोळे मिटले.

ढोलकी एकटी वाजायला लागली तेव्हा समोरचं दार उघडलं. साउंडवाला बाहेर आला. ओठावर बर्फाचं फडकं. आमच्या उंबऱ्यापर्यंत आला, आत पाऊल टाकलं नाही. पप्पांकडे बघितलंही नाही.

"डावा मुका आहे," तो मला म्हणाला. शब्द सुजेतून फुटके येत होते. "वायर नीट बसवली नाहीस."

"कळलं नाही मला."

"तुला काय कळतंय? काकांचा उजवा कान साच्यावर गेलाय. ते डाव्यानं ऐकतात. तू वाजवतेस उजव्यातनं." फडक्याआडून त्यानं बोटानं दाखवलं. "ती लाल. दाब. जोरात. अजून."

मी दाबली. डावा स्पीकर भुंकला आणि चालू झाला. पप्पांनी मान वळवली, पहिल्यांदा नीट, त्या बाजूला. साउंडवाला आपल्या घरात गेला. त्यानं दार लावलं, आणि कडी घातली ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी.